मालकीणबाईंचा नकार

खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस होता. दुपारी दोनला दार बंद, मग जो जिथे तो तिथेच. कॅनडातल्या रिजायना शहराच्या क्रेन्स संघाचा जनरल मॅनेजर वेंडल प्रोकोपचुक सकाळपासून फोनला चिकटला होता आणि कोणालाही सरळ नाही म्हणत नव्हता. बर्फावरच्या हॉकीत सरळ नाही म्हणायची पद्धतच नाही. आज ज्याला तोडून बोलाल, त्याच्याच दारात पुढच्या वर्षी गोलकीपर मागायला जावं लागतं. म्हणून सगळे मॅनेजर मालकाच्या नावावर बिल फाडतात.

"माझी काही हरकत नाही रे गस, पण आमच्या बाई ऐकायच्या नाहीत," वेंडलने पुन्हा तेच सुनावलं आणि फोन ठेवला.

गस मॅकावॉय हा हॅलिफॅक्सच्या संघाचा मॅनेजर. त्याला वेंडलचा जुना खेळाडू टोबी लाफ्रांब्वाज हवा होता, बदल्यात तो एक तरणाबांड बचावपटू द्यायला तयार होता. कागदावर सौदा सोन्यासारखा. टोबीचे गुडघे कुरकुरत होते, गोल आटले होते. पण संघातली कोवळी पोरं त्याच्याकडूनच खेळ शिकत होती, आणि हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये पहिला विनोद तोच करायचा. वेंडलला तो हवा होता, अगदी मनापासून. पण हे पेपरवाल्यांना सांगायची त्याची छाती नव्हती. पुढे प्लेऑफमध्ये मार खाल्ला, तर म्हाताऱ्या घोड्याला ठेवलं कोणी, म्हणून नोकरीच जायची. बाईंचं नाव पुढे केलं की ती धास्ती नाही.

बाई म्हणजे इर्मा फ्रीसेन, मोहरीच्या सॉसची फॅक्टरी चालवणाऱ्या, संघाच्या मालकीणबाई. लीगभर त्यांची दहशत होती. खरं तर त्यांनी आजवर एकच हुकूम सोडला होता: स्टेडियममधल्या हॉटडॉगवर दुसऱ्या कोणाचा सॉस दिसता कामा नये.

एक वाजून गेला आणि त्या दारात उभ्या राहिल्या. कोटावरचा बर्फही झटकला नव्हता.

"हॅलिफॅक्सच्या त्या गसचा फोन आला होता, थेट माझ्या घरी. लाफ्रांब्वाजला सोडा म्हणून गयावया करत होता."

मॅनेजरने दुसऱ्याच्या मालकाला परस्पर गाठायचं नसतं. गसने हद्दच केली होती.

"तुम्ही काय म्हणालात, बाई?"

"म्हटलं, मला काय विचारतोस, वेंडलला विचार. तर म्हणे, वेंडलच कायम तुमच्याकडे बोट दाखवतो." त्या खुर्चीत टेकल्या. "मी आणखी काय काय अडवलंय रे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तो स्वीडनचा गोलकीपर. कॅल्गरीचा सौदा. आणि... मागच्या प्रशिक्षकाला तुम्हीच काढलंत."

"मी काढलं? तरीच त्याची बायको दुकानात मला बघून पाठ फिरवते. आणि मी वेडी तिला नाताळला केक पाठवते." बाईंनी डोक्याला हात लावला, मग खदखदून हसल्या. "घरात माझं मांजरदेखील ऐकत नाही. आणि इथे मी अख्खी लीग नाचवतेय, मलाच पत्ता नाही."

वेंडलही हसला, पण कान तापले होते. त्याला मनापासून लाज वाटत होती.

बाईंनी डोळे पुसले. "बरं, टोबी तुला हवाय?"

"हवाय."

"मग तसं सांग, स्वतःच्या तोंडाने. गसलाही आणि पेपरवाल्यांनाही. हरलात तर शिव्या तुझ्या. माझ्या वाटणीच्या फुकट खाऊन झाल्यात."

"आणि माझी नोकरी?"

"ती हरल्यावर बघू. लाव फोन."

वेंडलने नंबर फिरवला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. पलीकडून आवाज आल्याबरोबर त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"गस, टोबी मिळणार नाही. बाईंचा यात काडीचा संबंध नाही. मलाच तो हवाय. निर्णय माझा आहे."

बोलून टाकलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. होऊ दे पुढे काय व्हायचं ते.

गस आवाज खाली आणून कळवळ्याने म्हणाला, "कळलं रे बाबा, कळलं. बाई समोरच बसल्यात ना?"

वेंडलने वर पाहिलं. बाई तोंडावर रुमाल दाबून हसू आवरत होत्या.