वहिनीची तपकिरी माशी

अंगावरून वारं गेलं आणि वहिनीचा उजवा हात कामातून गेला. घड्याळं दुरुस्त करणारा हात तो. सुट्टीच्या दिवशी तोच हात नदीतल्या माशांसाठी माश्या बांधायचा: गळाला रेशमी दोरा गुंडाळून, वर मऊ पीस बसवून केलेल्या, पाण्याखाली बुडून वाहणाऱ्या खोट्या माश्या. नवरा आणि दीर, दोघांच्या टोप्यांना तिच्याच माश्या टोचलेल्या असत.

"आता तुम्ही आराम करा, वहिनी," म्हणत दिराने दुकानातून चकचकीत माश्यांचा डबा विकत आणला.

वहिनीला ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाला गळ धरायची पकड बसवून घेतली. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. दोरा सुटायचा, पिसं उडून थेट भाजीत पडायची.

"आज कोंबडी केलीय की काय?" नवरा विचारायचा.

"गिळा मुकाट्यानं!"

थंडी सरेपर्यंत तिच्या माश्या गळावर टिकायला लागल्या. मग ती हट्टाने दोघांबरोबर नदीवर गेली.

सकाळभर दिराने डब्यातली एकेक चकचकीत माशी पाण्यात टाकून पाहिली. मासा काही ढुंकून बघेना. काठावर बसलेली वहिनी नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो पाण्यातला दगड जरा उलटा करा बघू."

दगडाच्या पोटाशी बारीक तपकिरी किडे चिकटले होते, पिवळट पोटाचे; इथले मासे तेच खात असणार. वहिनीने आपली डबी उघडली. पिवळं रेशीम आणि तित्तिराचं तपकिरी पीस असलेली एक माशी तिने निवडली. पीस जरा दाट वाटलं, म्हणून दातांनी निम्मं उपटून टाकलं.

"ही तर झाडूतून गळून पडल्यासारखी दिसतेय," दीर हसला.

"मासा काय कांदेपोह्यांना आलाय, भाऊजी, रूप बघायला?"

नवऱ्याच्या काठीला माशी लावून तिने डाव्या हाताने टाकलेली पहिली फेक झुडपात गेली. दुसरी प्रवाहात पडली, बुडाली, वाहत वळणाशी गेली. आणि दोरी ताठ झाली.

काठी कमानीसारखी वाकली. दीर धावला.

"हात लावाल तर याद राखा!"

काठीचा दांडा तिने उजव्या काखेत दाबून धरला आणि डाव्या हाताने रीळ फिरवायला लागली. मासा उसळला, खोल पळाला. तिने त्याला पळू दिलं, मग पुन्हा ओढलं. पाय घसरून ती चिखलात बसली, पण काखेतली काठी सुटली नाही. शेवटी नवऱ्याने जाळी पुढे केली. ठिपक्याठिपक्यांचा, कोपरापर्यंतच्या हाताएवढा मासा आत आला.

वहिनी चिखलात बसूनच एवढ्या मोठ्याने ओरडली, की पलीकडच्या काठावरची माणसं हातातले गळ सोडून उभी राहिली. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. दीर मात्र जाळीवर वाकून, माशाच्या तोंडातली ती बारकी तपकिरी माशी निरखत होता.

"वहिनी, अजून एक आहे का हो अशी?"

"आहेत की," ती धापा टाकत म्हणाली. "पण आधी मला उठवा. अजून मासे आहेत तिथे."