व्याह्यांचा ट्रक

ट्रकचा क्लच इतका घसरायला लागला की रिकामी गाडीसुद्धा चढावर रडायची. तेव्हा कुठे सासरे सुनेला म्हणाले, “चल, तुझ्या बाबांना दाखवू.” एरवी त्यांच्या गाडीला परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सून शेजारच्या सीटवर चढून बसली.

माहेरचं गॅरेज रस्त्याच्या उतारालाच होतं. पत्र्याचं छप्पर, तेल पिऊन काळी झालेली जमीन, मागे दोन खोल्यांचं घर. लग्नाआधी ती इथेच वडिलांबरोबर काम करायची. सासरी मात्र हे कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पोरीनं बापाला पाने उचलून दिले असतील, एवढंच.

“व्याहीबुवा, या गाडीला आजवर माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही,” सासऱ्यांनी उतरता उतरताच सांगितलं.

वडील वाकून खाली बघत होते. “दिसतंयच. गंजानं तेवढा लावलाय.”

क्लच गाठायचा तर गिअरबॉक्स उतरवायला हवा, आणि त्याआधी गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्ट काढायला हवा. चाकांमागे लाकडी ठोकळे सरकवून वडील खाली शिरले. सांध्याचे तीन बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. चौथ्याचा नट सुटला, पण बोल्ट काही जागचा हलेना. त्याला डिझेल पाजलं, हातोडा घातला, शिव्याही घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी खांदा चोळत ते बाहेर आले.

“गॅसनं कापावा लागेल.”

“कापायचा?” सासऱ्यांचा चेहरा पडला. “पायात काटा रुतला म्हणून पाय तोडता होय?”

“मग तुम्हीच या आणि काढा!”

दोघांचे आवाज चढायला लागले, तशी तिनं बाह्या सरसावल्या आणि टॉर्च घेऊन ट्रकखाली गेली. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. सांध्याच्या दोन चकत्या, एक शाफ्टची आणि एक गिअरबॉक्सची, एकमेकींवर नीट बसलेल्या नव्हत्या. केसभर सरकल्या होत्या, आणि बोल्ट त्यांच्या कात्रीत सापडला होता.

“मामंजी, गाडी गिअरमध्ये आहे का हो?”

“म्हणजे काय! उतारावर मी गाडी कधी न्यूट्रलला सोडत नाही.”

“मग अख्खा ट्रक या एका बोल्टावर रेलून उभाय.”

वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला.

ती बाहेर आली, ठोकळे ठोकून घट्ट केले, वडिलांना बाजूला व्हायला लावलं आणि सासऱ्यांना केबिनमध्ये चढवलं. “आता करा न्यूट्रल.”

ट्रक कण्हला, बोटभर मागे सरकला आणि ठोकळ्यांवर टेकला. ती पुन्हा खाली गेली. पितळी कांडी लावून दोन टोले घातले, आणि बोल्ट निमूटपणे बाहेर आला. चकत्या मात्र गंजानं चिकटलेल्याच होत्या. सासरे पहार घेऊन, पांढऱ्या शर्टासकट तिच्याशेजारी आडवे झाले.

“शाफ्टच्या नळीला धक्का नको हं, मामंजी. पोचा आला तर गाडी जन्मभर थरथरेल. इथे, कडेला लावा. हं, आता!”

कड् आवाज झाला, शाफ्ट सुटला, आणि तिच्या छातीच्या वर हातभर अंतरावर दोरीत लोंबकळत राहिला.

“दोरी कुणी बांधली?” वडिलांनी वाकून विचारलं.

“मीच. मघाशी टॉर्च घेऊन आले तेव्हा.”

सुटलेला शाफ्ट अंगावर पडू नये म्हणून आधी दोरी बांधायची, हे बोल्टाच्या नादात ते स्वतः विसरले होते. ते पाने पुसायला वळले, पण एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

समोर चाकात हवा भरायला थांबलेल्या ड्रायव्हरनं सासऱ्यांच्या शर्टाचा अवतार बघून विचारलं, “मेस्त्री कोण आहे हो तुमचा?”

“मेस्त्री कसला? सून आहे माझी!” सासरे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

“सून नंतर झाली,” वडील पाना खाली न ठेवताच म्हणाले. “शिकली माझ्याकडे.”

“शिकली असेल. पण गाडी कुणाची सोडवली?”

“अहो, कुणीतरी गिअरबॉक्सखाली जॅक लावता का?” ट्रकखालून आवाज आला. दोघेही एकदम धावले. आणि ती तिथेच पाठीवर पडून, गालावर काळं तेल घेऊन, एकटीच मनापासून हसत होती.