मागितला निळा, दिला केशरी

दिवाकर गुरुजींच्या अंगावरून वारं गेलं ते माघात, ऐन लग्नसराईत. पंचवटीत एका घरी वास्तुशांत होती. निघताना स्कूटरला किक मारायला गेले आणि तिथंच खाली बसले. शेजाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. पाय बराचसा सुधारला, काठी टेकत घरातल्या घरात हिंडू लागले. उजवा हात मात्र लुळा पडला, आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे नेमकं काय झालं, हे उत्तराबाईंना कुणाला समजावता येत नसे. कारण सकाळी संध्येला बसले की गुरुजी सगळे मंत्र खणखणीत म्हणत. एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. इंदिरानगरातल्या त्यांच्या इमारतीच्या जिन्यात तो आवाज घुमायचा आणि वरच्या मजल्यावरची माणसं म्हणायची, "काका तर छान बोलतात की हो, काकू." आणि तेच काका संध्या आटोपून पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि नुसतेच उभे राहायचे. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि मग भलताच कुठला तरी शब्द बाहेर पडायचा. "पंचांग." किंवा "रविवार." आपण चुकलो हे कधी त्यांना कळायचं, कधी कळायचंही नाही. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, हो. चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय का? हो. बरं वाटतंय का? तेही हो.

"पाठ केलेलं वेगळ्या वाटेनं येतं, काकू," सृष्टीनं सांगितलं होतं. सृष्टी त्यांची स्पीच थेरपिस्ट, वयानं लहान पण फार समजूतदार मुलगी. "ती वाट शाबूत आहे. मनातलं बोलायची वाट बुजलीय. ती आपल्याला हळूहळू मोकळी करायची."

त्यासाठी ती चित्रांची कार्डं आणायची. केळं, कावळा, कुलूप, बादली. जन्मभर यजमानांना संकल्प सांगितलेल्या माणसासमोर कावळ्याचं चित्र धरलं की गुरुजी मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. उत्तराबाईंना दोघांचीही दया यायची.

अशाच एका दिवशी कार्डं आवरताना सृष्टीचं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे गेलं. त्याच्या एका कोपऱ्यावर उत्तराबाईंचा पसारा असायचा. पतसंस्थेतली नोकरी संपल्यावर त्यांनी हा छंद लावून घेतला होता. पुण्याच्या त्यांच्या भाचीनं, ओवीनं, शिकवला होता. मेण लावलेला लिननचा दोरा आणि रंगीत मणी, एवढ्यावर माळा, कानातली, हातातली करायची. सोन्यामोत्याचं काही नाही, पण हौस मोठी. तो दोरा उत्तराबाईंना विशेष आवडायचा. मेणामुळे त्याला थोडा ताठपणा असतो. टोक तिरकं कापलं की सुईशिवाय मण्यात सरळ शिरतं, आणि दोन मण्यांमध्ये मारलेली गाठ जागची हलत नाही. काम करता करता बोटं किंचित चिकट होतात आणि त्यांना मेणाचा वास येत राहतो.

"काकू, हे तुम्ही करता?" सृष्टीनं खणाखणांच्या पेटीतले मणी हलवून पाहिले. काचेचे, लाकडी, भाजलेल्या मातीचे, प्रत्येक रंग वेगळ्या खणात. "मग कावळे-चिमण्या राहू द्या. तुम्ही माळ ओवायला बसा आणि काकांकडे रंग मागा. निळा द्या, हिरवा द्या. एवढंच."

"आणि चुकले तर?"

"चुकू द्या. लगेच दुरुस्त नका करू. सारखं चुकतंय असं वाटलं की माणूस बोलायचाच थांबतो. आधी त्यांनी टेबलाशी बसायला हवं."

दुसऱ्या दिवशी उत्तराबाईंनी पेटी त्यांच्यासमोर सरकवली आणि दोऱ्याचं एक टोक टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं पक्कं केलं. "अहो, निळा द्या बरं एक."

गुरुजींनी पेटीकडे पाहिलं. मग मांडीवर निजलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि डावा हात उपरण्याखाली लपवला. उत्तराबाईंना क्षणभर कळेना. मग लख्ख कळलं. या माणसानं आयुष्यात कुणाला डाव्या हातानं काही दिलं नव्हतं. प्रसाद नाही, अक्षता नाहीत, भाजीवाल्याला पैसेसुद्धा नाहीत.

"मी उजव्या हातानं घेते ना," त्या म्हणाल्या. "घेणाऱ्याचा उजवा असला म्हणजे झालं. द्या."

बऱ्याच वेळानं डावा हात बाहेर आला. पेटीवरून घिरट्या घालत राहिला. शेवटी त्यानं दोन बोटांत एक मणी उचलून उत्तराबाईंच्या तळव्यावर ठेवला. तो केशरी होता.

उत्तराबाईंनी तो ओवला आणि गाठ मारली. "आता पांढरा." जांभळा आला. तोही ओवला. कधी मागितलेलाच रंग यायचा, बहुतेक वेळा यायचा नाही. मागताना त्या रंगाचं नाव मोठ्यानं घेत, गुरुजी ओठ हलवून बघत. पुढे पुढे तोंडातून निघूही लागलं. हातात लाल मणी आणि तोंडात "पिवळा", असं व्हायचं, पण पंचांग आणि रविवार मागे पडले होते. सृष्टीला ते ऐकून इतका आनंद झाला की तिनं गुरुजींना वाकून नमस्कार केला. त्यांनी मात्र आशीर्वाद अस्खलित संस्कृतात दिला.

एक माळ पुरी झाल्यावर उत्तराबाईंनी ती खिडकीशी धरली आणि त्या बघतच राहिल्या. आजवर त्यांनी केलेलं सगळं साडीशी जुळणारं असायचं. गुलाबीबरोबर गुलाबी, मोतिया रंगाबरोबर सोनेरी. नीटनेटकं, सुबक. बायका हातात घेऊन "छान आहे हं" म्हणायच्या आणि परत ठेवायच्या. या माळेत केशरीशेजारी जांभळा होता, त्याला खेटून पोपटी, मध्येच काळा, आणि तरी सगळे एकमेकांना ओळखत असल्यासारखे बसले होते. असं काही करायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी ती माळ गळ्यात घातली आणि दिवसभर काढली नाही.

दिवाळीच्या आधी जवळच्या मंगल कार्यालयात महिला मंडळाचं प्रदर्शन भरलं. उत्तराबाईंनी एक टेबल घेतलं. घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून गुरुजींनाही रिक्षातून नेलं आणि मागे खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी नवलच झालं. दुपारपर्यंत नव्या माळांपैकी मोजक्याच उरल्या. नांदगावहून बहिणीकडे आलेली हर्षाली नावाची एक तरुण शिक्षिका तर त्यांच्या गळ्यातल्याच माळेवर अडून बसली.

"मावशी, मला डिट्टो अशीच पाहिजे. हेच रंग, असेच."

"अशीच परत नाही गं जमायची," उत्तराबाई म्हणाल्या. गिऱ्हाइकांच्या कौतुकानं त्या फुलून गेल्या होत्या आणि त्या भरात बोलून गेल्या, "ही काय माझी अक्कल आहे होय? मी निळा मागते, हे केशरी देतात. मी पांढरा म्हटलं की जांभळा. मी आपली देतील ते ओवते."

हर्षाली हसली. आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. उत्तराबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी मागे पाहिलं. गुरुजी हसत नव्हते. बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकलेलं बहुतेक सगळं कळायचं, गल्लत व्हायची ती रंगांच्या नावांची. इतके महिने आपण मागितलेला रंग देतोय, असं ते धरून चालले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी उतरलं होतं. त्यांनी काठी घेतली, उठले आणि कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसले.

घरी आल्यावर उत्तराबाईंनी पेटी समोर ठेवली, तशी त्यांनी ती डाव्या हातानं ढकलून दिली. मणी घरभर सांडले. सोफ्याखाली गेले, फ्रिजखाली गेले. उत्तराबाई कुंचा घेऊन ओणव्यानं मणी गोळा करत राहिल्या. त्यांना राग आला नाही. उलट वाटलं, आपण यांना सांभाळतो आहोत म्हणता म्हणता लहान मुलासारखं खेळवत होतो की काय. सृष्टीनं सांगितलं म्हणून गप्प बसलो हे खरं, पण चारचौघांत हसायला तिनं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस गुरुजी टेबलाकडे फिरकले नाहीत. सृष्टी आली तरी तोंड उघडत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी उत्तराबाईंनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांच्या जुन्या, न खपलेल्या माळा होत्या. त्या त्यांनी टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या, आणि पलीकडे प्रदर्शनातून उरलेल्या नव्या माळा. मग गुरुजींना हाताला धरून तिथं आणलं.

"या बघा. या माझ्या एकटीच्या," त्या म्हणाल्या. "आणि या आपल्या दोघांच्या. तुम्हीच सांगा, कुठल्या चांगल्या दिसतात. मी हसले ते चुकलं माझं. पण तुम्ही दिलेले रंग मी दया म्हणून नाही ओवले. पहिल्या दिवशी ओवले असतील. नंतर नाही. नंतर मी वाट बघायचे, आता काय देतील म्हणून. मला नव्हतं हो असं सुचत."

गुरुजी कितीतरी वेळ बघत उभे होते. जुनी गुलाबी माळ त्यांनी उचलली, खाली ठेवली. नवी एक उचलली, अंगठ्यानं एकेक मणी पुढे सारत गेले, जपाच्या माळेसारखे. मग जेवून झोपले.

सकाळी संध्या झाली. उत्तराबाई चहा गाळत होत्या तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गुरुजी टेबलाशी बसले होते, पेटी उघडून. सांडलेले मणी परत भरताना उत्तराबाईंच्या हातून खणांत सरमिसळ झाली होती, ते ती निस्तरत होते. हिरव्यातला पिवळा उचलून पिवळ्यात, काळ्यातला तपकिरी तपकिरीत. एकही चुकत नव्हता. उत्तराबाईंनी चहा ठेवला, दोरा घेतला, टोक कापलं आणि जणू मधे काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "निळा द्या."

त्यांनी केशरी उचलला. उत्तराबाईंनी हात पुढे केला, तशी त्यांनी मणी ओढून घेतला. त्यांच्या डोळ्यांत बघत, एकेक अक्षर जागेवर ठेवावं तसं म्हणाले, "निळा... नाही." आणि मग केशरी मणी तळव्यावर ठेवून, "हा."

उत्तराबाईंच्या हातातला दोरा खाली पडला. माघापासून त्या माणसानं त्यांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. कडू औषधाला हो, अळणी आमटीला हो, दुखण्याला हो. घरात एक होकार देणारा पाहुणा राहत होता. आज त्यांचा नवरा परत आला होता आणि आल्या आल्या त्यांचं म्हणणं मोडून काढत होता. पूर्वी याच नाहीवरून दोघांची किती भांडणं झाली असतील. त्यांनी पदरानं डोळे पुसले, केशरी मणी ओवला, घट्ट गाठ मारली, आणि देव्हाऱ्याकडे न बघताच मनातल्या मनात हात जोडले.

"बरं, मग पुढचा कुठला?" त्यांनी विचारलं.

तेव्हापासून मागणं बंद झालं आणि विचारणं सुरू झालं. गुरुजी मणी निवडत, नाव घेऊन बघत, चुकलं तर स्वतःच मान हलवून पुन्हा बघत. सगळे शब्द काही परत आले नाहीत. वाक्य म्हणावं असं तर क्वचितच. स्कूटर विकून टाकली आणि जुनी यजमान घरं दुसऱ्या गुरुजींकडे गेली. पण सकाळच्या वेळी त्या टेबलाशी लाल होता, हिरवा होता, हा होता, तो होता, आणि नाही तर भरपूर होतं. उत्तराबाई सृष्टीला म्हणाल्या, "तुझे उपकार कसे फेडू?" तर ती म्हणाली, "मला एक हातातलं करून द्या, काकांच्या पसंतीचं." ते ती अजून घालते.

नाताळाच्या सुट्टीत हर्षाली प्रदर्शनात सांगून ठेवलेली तिची माळ न्यायला घरी आली. तिचे मणी गुरुजींनी स्वतः निवडून दिले होते. सगळी माळ विटकरी आणि गडद निळ्या मण्यांची होती. एका बाजूला थोडा मोकळा दोरा सोडून एकच हिरवा मणी, पुन्हा मोकळा दोरा, आणि मग पुढची रांग. हर्षालीनं ती गळ्यात घातली, कपाटाच्या आरशात बघितली आणि गुरुजींसमोर येऊन बसली.

"गुरुजी, हा हिरवा असा एकटाच का हो ठेवला?"

उत्तराबाईंना कारण माहीत नव्हतं. एरवी त्या त्यांच्या वतीनं काहीतरी बोलून गेल्या असत्या. आज त्यांनी ओठ मिटले. गुरुजींचे ओठ हलू लागले. बाहेर पोळीभाजी केंद्राचा डबेवाला येऊन गेला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. हर्षाली घाई न करता त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्याबद्दल उत्तराबाईंना ती मुलगी एकदम जवळची वाटली.

"श्वास," गुरुजी म्हणाले. मग छातीवर डावा हात ठेवून, जरा थांबून, "श्वास... घ्यायला."

हर्षालीनं बोटांनी तो मणी चाचपला आणि मान हलवली. उत्तराबाई चहाला आधण ठेवायला आत गेल्या. साखरेचा डबा हातात धरून त्या ओट्याशी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. बाहेर हर्षाली दुसऱ्या मण्याबद्दल काहीतरी विचारत होती, आणि गुरुजी उत्तर शोधत होते.