बरणीतला दगड

गाडीतला फ्रिज बंद पडला तर ड्रागो दोन शिव्या हासडून गप्प बसायचा. पण फळीवरची जॅमची बरणी नुसती हिंदकळली तरी मला मोटरहोम थांबवावी लागायची. बरणीत पाणी आणि पाण्यात त्याचा ओपल, अंड्याएवढं रत्न. उजेडात धरलं की आत असं काही हिरवं-तांबडं पेटायचं की माझ्यासारख्या खडूस बाईचीही बोलती बंद व्हायची.

ओपलच्या खाणीत जन्म घालवून माझ्या नवऱ्याने दोनच गोष्टी कमावल्या, हा दगड आणि छातीत बसलेली धूळ. डॉक्टरांनी हात टेकले होते. खाणीजवळ, उन्हापासून वाचायला जमिनीखाली कोरलेलं आमचं घर विकूनच ही गाडी घेतली होती. ड्रागोचा एकच ध्यास होता. डोळे मिटायच्या आत दगड विकायचा आणि मला समुद्राकाठी दोन खोल्या घेऊन द्यायच्या. त्याच्यामागे मी एकटीने या पत्र्याच्या डब्यात दिवस काढू नयेत, बस्स. म्हणून मी गाडी चालवत होते आणि तो नाकात प्राणवायूच्या नळ्या घालून शेजारी बसून मला रस्ता शिकवत होता.

"खड्डा!"

"दिसतोय मला, म्हाताऱ्या."

"दिसतोय तर त्यातूनच का नेतेस?"

समोरून क्वचित एखादा ट्रक यायचा. ड्रायव्हर स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचा, मीही उचलायची. ड्रागो मात्र अख्खा हात हलवायचा. आपल्याला आता किती माणसं भेटणार याचा त्याला अंदाज असावा.

बर्डन क्रीकला आम्ही थांबलोच नाही. पबच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पेट्रोल पंपात गवत माजलेलं. फ्रँक तिथला ओपलचा शेवटचा खरेदीदार. त्याच्या शवपेटीला ड्रागोनेच खांदा दिला होता.

"बिचारा फ्रँक," ड्रागो म्हणाला. "भाव पाडायचा, पण चहा पाजून."

विंडाराला अजून थोडी धुगधुगी होती. तिथल्या मोटेलच्या एका दारावर थानासीने ओपल खरेदीची पाटी लावली होती. थानासी ग्रीक, आमचा जुना दोस्त. टेबलावर दिवा मांडून बसला होता. ड्रागोने बरणी पुढे ठेवली आणि थानासीने कपाळाला हात लावला.

"पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! अरे, नव्या पोरांना यावरून तू हसायचास ना?"

"दगड बघ आधी."

"बघतोय. सुंदर आहे. पण कोरडा हवा."

खरं होतं त्याचं. पाण्यातला ओपल कोणी विकत घेत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. काही खाणींचा दगड वाळला की तडकतो. म्हणून तो हळूहळू वाळवायचा, काही आठवडे फळीवर ठेवायचा, टिकला तरच त्याचा भाव करायचा. ड्रागोने दुसऱ्यांचे दगड असेच वाळवून दिले होते. स्वतःचा मात्र कधी पाण्याबाहेर काढला नव्हता. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, मला माहीतच होतं.

"टिकला तर मी घेतो. शब्द देतो," थानासी म्हणाला.

ड्रागो बराच वेळ खोकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काढ बाहेर. आता वाट बघायला मला वेळ कुठाय?"

गावाबाहेरच्या आटलेल्या तलावाकाठी आम्ही मुक्काम ठोकला. दगड ओल्या फडक्यात गुंडाळला, मी फडकं दिवसेंदिवस कमी भिजवत गेले, शेवटी कापसात घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. ड्रागो अंथरुणावरून रोज घर बांधायचा.

"व्हरांडा पाहिजे."

"कशाला? तिथेही धूळच येईल."

"समुद्रावर कुठली आलीय धूळ, वेडे!"

आशा फार वाईट. ती मलाही लागली. मी गावातून पडद्याचं कापड आणलं, निळं. गाडीला नव्हे, त्या घराला. या वयात असा मूर्खपणा करायला कोणी सांगितलं होतं मला?

दगड टिकला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. थानासी येऊन बघून गेला आणि जाताना ड्रागोचा खांदा थोपटून गेला.

मग एका दुपारी मी डबा उघडला. बाहेर तलावाच्या तळाला पडल्या होत्या तशाच भेगा दगडावर पडल्या होत्या, केसासारख्या बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतला रंग गढूळ झाला होता. रडू नाही आलं, संताप आला. त्या दगडाचा, खाणीचा, आणि माझ्यासाठी घर बांधत पडलेल्या त्या वेड्या माणसाचाही.

"काय म्हणतोय?" पलंगावरून आवाज आला.

"मजेत आहे," मी म्हणाले.

मी बरणीत पाणी भरलं आणि दगड आत सोडला. थोड्या वेळात भेगा दिसेनाशा झाल्या. हिरवं-तांबडं पुन्हा पेटलं, जसं काही झालंच नव्हतं. बरणी त्याच्यापुढे नेली.

त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. ज्याने दुसऱ्यांचे एवढे दगड वाळवले होते, त्याला मी पाण्यातला दगड दाखवत होते.

"थानासीला यातलं काय कळतंय," तो हळूच म्हणाला. "चिंधीचोर आहे तो. त्याला द्यायचाच नाही."

"नकोच देऊया."

"बर्डन क्रीकला चल. फ्रँकला दाखवू. तो चांगला भाव देईल."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. फ्रँकला खांदा दिलेला तो विसरला नव्हता, भ्रम नव्हता. डोळे अगदी लख्ख होते आणि पाण्याने भरले होते.

"चल," मी म्हणाले. बरणीचं झाकण घट्ट लावलं, ती फळीवर ठेवली, आणि हिंदकळू नये म्हणून तिच्याभोवती ते निळं कापड गुंडाळून गाडी चालू केली.