उरलेला स्क्रू

मी स्क्रू ड्रायव्हर बोलतोय. पिवळ्या मुठीचा, टोकाला जरा वाकलेला. वाकलो तो डब्यांची झाकणं उचकटून. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, यंत्रांची पोटं बघायला मिळतील. नशिबी आले रंगाचे डबे.

मला यंत्रापाशी नेणारे एकच, या घरचे मालक. बायकोच्या, म्हणजे आईंच्या, शिलाई मशीनची सुई तेच बदलायचे. ते गेले आणि वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीत मला पाचरीसारखं अडकवलं.

मग सुई तुटली. आईंनी पहिल्यांदाच स्वतः नवी लावली, आणि मशीन टाके गाळू लागलं. मुलगा म्हणाला, "जुनं झालंय. रविवारी भंगारवाला येईल." आईंनी मशीनवर चादर टाकली आणि त्या खोलीत जाणंच सोडलं.

घरात नवी सून आली होती. बोलायची कमी, बघायची फार. तिने मला खिडकीतून उपसलं.

"आई, उघडून बघू?"

"तुला येतं?"

"नाही. म्हणून तर."

तिने सुईखालची पत्र्याची पट्टी काढली, आतला धाग्यांचा मळ साफ केला, पट्टी बसवली. टाके गळतच राहिले. वर एक स्क्रू हातात उरला.

"छान," आई म्हणाल्या. "होतं तेही गेलं."

"हा कुठला, ते बघायला परत उघडावंच लागेल," सून म्हणाली. तिला त्यात आनंदच दिसत होता.

या वेळी तिने चाक हाताने सावकाश फिरवलं. धागा ओढून घेणारी खालची चोच सुईजवळून जात होती, पण धागा न पकडताच. तिने सुई काढून बोटांत फिरवली. बुंधा एका बाजूने सपाट.

"ही बाजू कुठे असायची?"

"मी कधी बघितलंच नाही गं. हे लावायचे, मी शिवायचे."

"मग फिरवून लावू."

उरलेला स्क्रू पट्टीच्या कोपऱ्यात बसला, आणि सुईचा स्क्रू आईंनीच आवळला. मग मशीनवरची चादरच सुईखाली सरकवली. त्याच चादरीच्या काठावर सरळ शिवण उमटत गेली.

भंगारवाला रिकामा परतला. आता आई इस्त्रीकडेही संशयाने बघतात. मुलगा म्हणतो, "दोघी मिळून घर खिळखिळं कराल." करतीलही, आणि जोडतीलही.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊ अडकला असेल. कुणी "हे असं का?" विचारलं, तर त्याला मोकळा करून द्या. खिडकीला कागदाची घडी पुरते.