मेणातला चावा

तबकातले ते पांढरे दात आपले आहेत हे उज्वलाला पटत नव्हतं. प्लास्टरचे, कोरडे, वरचा एक तुकडा आणि खालचा एक — आणि त्यांच्यामध्ये गुलाबी मेणाची पट्टी, गेल्या खेपेला तिनेच चावून दिलेली. डॉक्टर ज्योत्स्ना ते तुकडे मेणावर बसवत होत्या, काढत होत्या, पुन्हा पडद्यावरच्या तिच्या कवटीच्या एक्स-रेकडे बघत होत्या. तिथे खालचा जबडा अर्धवट उघड्या ड्रॉवरसारखा पुढे आलेला. प्लास्टरमध्ये मात्र दात दातांना जवळजवळ टेकलेले.

"जुळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "चावताना तुम्ही जबडा मागे ओढलात. यावरून मोजलं तर ऑपरेशनमध्ये हाड कमी सरकेल. मला तुमचा रोजचा चावा हवाय, उज्वला."

त्यांनी नवं मेण गरम पाण्यात सोडलं. ओढला आपण? तिच्या ध्यानीमनीही नव्हतं... पण तोंडासमोर कुणी काही धरलं, की हनुवटी आपसूक आत जाते, हे खरं. ही सवय अप्पांनी लावलेली.

पिंपळगावातल्या फोटो स्टुडिओत, स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी ती नवी साडी नेसून स्टुलावर अवघडून बसली होती आणि अप्पा — खंडेराव, तिचे वडील — फोटोग्राफरच्या मागे उभे राहून स्वतःची हनुवटी गळ्यात रुतवून दाखवत होते, अशी घे, अशी. तीच हनुवटी, तेच पुढे आलेले खालचे दात. "माझ्यातलं बाकी काही घेतलं नाय पोरी," ते म्हणाले होते, "नेमकं हेच उचललं." तिला हसू फुटलं आणि फोटो पुन्हा काढावा लागला.

द्राक्षबागेत मात्र ते काही लपवत नसत. माल उतरवायच्या आधी घडाच्या अगदी टोकाचा मणी तोडायचे — गोडी तिथे सगळ्यात शेवटी उतरते म्हणून — आणि समोरचे दात मिळतच नसल्यामुळे तो खालच्या दातांवर ठेवून वरच्या ओठाने दाबायचे. डोळे मिटून चव घ्यायचे. मग म्हणायचे, "थांबू अजून चार दिवस." शेजारी ती, तसाच मणी, तसाच ओठ. सगळं जग द्राक्ष असंच खातं, असं तिला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं, आणि ते दिवस किती सुखाचे होते!

तिला ऑपरेशन कुणी करायला लावलं नव्हतं. भाकरीचा तुकडा तोडता येत नाही, कानापाशी ठणकतं, हे सगळं खरंच होतं. लग्न होऊन गंगापूर रोडला संसार थाटला तेव्हाच फोटोची गरज संपलेली. ऑपरेशनआधी दातांना तारा लावून घेतल्या तेव्हा अप्पा होते. आता नाहीत. आता सकाळी तोंड धुताना आरशात आधी ते दिसतात, मग ती. बाजार समितीजवळ कुणी म्हातारा थबकून विचारतो, खंडेरावाची का गं तू... हे हाड मागे सरकल्यावर मला कोण विचारेल? आणि मी तरी त्यांना कुठे बघू?

"मोकळं सोडा," डॉक्टर म्हणाल्या. "इथे कुणी फोटो काढत नाहीये."

ऊन ऊन मेण दातांवर आलं. जबडा सवयीने मागे निघाला — तिला तो जाताना कळला, आयुष्यात पहिल्यांदाच कळला — आणि तिने त्याला थांबवलं. सोडून दिलं. तो पुढे आला, आपल्या जागी बसला, मेणात सावकाश रुतला. वरचा ओठ खाली दबला. जिभेवर उगाच आंबटगोड पाणी सुटलं आणि तिने डोळे मिटले.

मेण हळूहळू निवत गेलं. मग डॉक्टरांचं बोट हनुवटीला लागलं.

"छान. हाच हवा होता. उघडा आता."

तिने ऐकलं. पण दात सोडवेनात... थांबू, अजून थोडं थांबू.