शिंप्याची गादी

खरं सांगतो, हे लिहायचंच नव्हतं. शिंप्यानं दोऱ्यापायी कुणाचा जीव टांगणीला लावला, हे काय चारचौघांत सांगायचं? पण गुंडीच म्हणाला, हसतील तर हसू देत. म्हणून सांगतो.

गुंडी म्हणजे आमचा शिंपी. उंचीनं बेताचा, अंगानं गोल, म्हणून हे नाव. त्याचा जिवाभावाचा मित्र वायरमन, आणि वायरमनला नाद लावा नावाचे इवलेसे पक्षी पाळायचा. आधीची पिल्लं गारठून गेली होती. त्याच्या बायकोनं बजावलं होतं, "ही पण गेली तर खोकं, बल्ब, सगळं भंगारात." नेमकं त्याला आईला आणायला दुसऱ्या गावी जावं लागलं. म्हणून पाच पिल्लांचं खोकं, उबेच्या बल्बसकट, आलं गुंडीच्या दुकानात. पिल्लं अंगठ्याएवढी, पंखांवर आत्ता कुठं पिसं फुटत होती.

जाताना वायरमन म्हणाला, "खाली भाताचं तूस आहे. ओलं झालं की बदल. पाण्याच्या झाकणात गोट्या राहू देत, नाहीतर बुडतात."

"एवढ्याशा झाकणात?"

"तीही एवढीशीच आहेत, गुंड्या."

पिल्लांनी पाणी सांडलं, त्यानं तूस बदललं. पुन्हा सांडलं, पुन्हा बदललं. पिशवी संपली. ओल्यात बसून पोटाखालची पिसं चिकटायला लागली. गुंडीनं डोकं चालवलं. दुकानात फ्लॅनेलच्या चिंध्यांना काय तोटा? कोरड्या, मऊ, उबदार. मस्त दोन थर अंथरले.

"बघ मावशी, गादीच घातली!"

मावशी म्हणजे त्याच्या आईची बहीण, दुकानात हातशिलाई करायची. "जावयाचे पण एवढे लाड करत नाहीत रे," ती म्हणाली.

सकाळी शटर वर केलं आणि गुंडी तिथंच थबकला. चिवचिव रोजची नव्हती. तुटक, घशातून ओढून काढल्यासारखी. त्यानं खोक्यात वाकून बघितलं. फ्लॅनेलची कड उसवून दोरा सुटला होता आणि तोच चार पिल्लांच्या पायांत फिरला होता. एक पळायला गेलं की दुसऱ्याचा फास आवळायचा. एकाचा पाय जांभळा पडलेला. पाचव्याच्या पाठीला तंतू चिकटले होते, ते टोचता टोचता बाकीच्यांनी कोवळी पिसंही उपटली होती. पाठीवर रक्त.

"मावशी!"

"अगं बाई! आधी ते रक्ताळलेलं वेगळं कर. लाल दिसलं की सगळी तिथंच चोच मारतात. आणि वायरमनला फोन लाव."

"आधी सोडवतो, मग लावतो."

"मेल्यावर काय, तार करणार?"

लावला फोन.

"कशावर ठेवलीस?" वायरमननं विचारलं.

"कापडावर."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज. मग, "गुंड्या, कापडाचे दोरे सुटतात हे मी तुला सांगायचं?"

गुंडीची मान खाली गेली.

"ओढू नकोस, पाय हातात येईल. काप. फोन चालू ठेव."

कात्रीचं टोक जाड पडलं. मग त्यानं टाके उसवायचं हत्यार घेतलं. त्याच्या एका टोकाला लाल मणी असतो, खालचं कापड फाटू नये म्हणून. मावशीनं गुंतलेली चारही ओंजळीत धरली. मणी कातडीकडे, पातं दोऱ्याकडे. गुंडी वाकला. तेवढ्यात शेजारच्या पिल्लानं लाल मणी बघितला आणि टचकन चोच मारली. हत्यार हललं.

"लागलं?"

"नाही. झाक त्याला!"

मावशीनं त्याच्यावर पदर टाकला. "श्वास तरी घे मेल्या, निळा पडलास."

पहिला दोरा तुटला. दुसरा, तिसरा. जांभळ्या पायाचा मात्र कातडीत रुतला होता. गुंडीनं सुई उलटी धरून नेढ्याच्या बाजूनं तो हळूच उचलला. पिल्लू ओरडायचं थांबलं, हे त्याहून वाईट. फोनमधून वायरमन ओरडत होता, "बोल की रे! हॅलो!" गुंडीनं पातं दोऱ्याखाली सरकवलं. दोरा तुटला.

पाय मिटलेलाच. मावशी त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिली. मग एक बोट हललं, मग दुसरं. तिसरं काही हललं नाही.

"आहे," गुंडी फोनला म्हणाला. "आहे रे."

"आता सुताराकडून रंधा मारताना निघते ती लाकडाची साल आण. जाड. भुकटी नको, खातात. पॉलिशच्या लाकडाची तर अजिबात नको."

संध्याकाळी आईला घरी सोडून वायरमन तडक दुकानात आला. पिल्लं सालीवर नीट पाय रोवून उभी होती. पाठ सोललेलं बाजूच्या खोक्यात, एकटंच, पण खात होतं. लंगडं बल्बखाली बसलेलं.

"ते बोट वाळून पडेल," वायरमन म्हणाला.

"बायकोला सांगितलंस?"

"सगळं. म्हणाली, जिवंत आहेत ना? मग खोकं राहू दे. पण त्या शिंप्याला अंथरूण घालू देऊ नकोस."

मावशी फिसकन हसली. गुंडी हसला नाही. त्यानं लंगड्या पिल्लाला तळहातावर घेतलं.

"रोज येईन तुझ्याकडे. याचा पाय चालेपर्यंत आणि त्याच्या पाठीवर पिसं येईपर्यंत."

"शब्द?"

"शब्द. आणि आत येण्याआधी अंगावरचे दोरे दाराबाहेर झटकीन."